पुराचा गाळ दारातून काढायचा कसा? छोट्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, त्याच्या गोष्टी अजून पारावर निघतात. पाणी ओसरल्यावर दारात उरलेला राडा कसा काढायचा, हे मात्र कुणी कुणाला नीट सांगत नाही. दहा माणसं, दहा फावडी आणि दोन दिवसांत सगळ्यांच्या कमरा धरलेल्या, अशी आपली रीत.

ऊसभरणीसाठी घेतलेला छोटा ट्रॅक्टर ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. १५ ते २८ एचपीचा कुठलाही चालेल. जिवो असो, निओस्टार असो, स्वराज ७१७ असो. फोर व्हील असेल तर दुधात साखर. फाटकापासून पडवीपर्यंतचा रस्ता, अंगण, बोळ, गोठ्यापुढची जागा एवढं काम तो बेतानं करतो. जेसीबीचं वजन सात टनांच्या वर. पेव्हर ब्लॉक, गटारावरची फरशी, सेप्टिक टँकचा स्लॅब यांतलं काहीतरी तो मोडणारच, आणि पेठेतल्या बोळात त्याला वळायला जागाच नसते. जेसीबी बोलवाच, पण तो रस्त्यावर उभा करायला. आतला गाळ छोट्या ट्रॅक्टरनं फाटकाबाहेर आणायचा आणि रस्त्यावरून जेसीबीनं डंपरमध्ये भरायचा, ही जोडी जमली की काम पटापट उरकतं.

किल्ली फिरवण्याआधी

सगळ्यात आधी फोटो. पंचनाम्याला तलाठी यायच्या आत अंगण चकाचक केलंत तर नुकसान दाखवणार काय? भिंतीवरची पाण्याची रेघ आणि गाळात उभी केलेली मोजपट्टी, असे फोटो सगळ्या बाजूंनी काढा. एकदा ट्रॅक्टरमागचं गाळ ओढायचं ब्लेड फिरलं की गाळ सहा इंच होता की दीड फूट, हे कुणाला पटवणार? विमा असेल तर त्यांनाही हेच फोटो लागतात.

दुसरं, ट्रॅक्टर स्वतः पाण्यात होता का? चाकाच्या वर पाणी चढलं असेल तर किल्लीला हातच लावू नका. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल आणि सेल्फ मारला, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनचं काम निघतं. आधी बॅटरीची वायर सोडा. एअर फिल्टर उघडून बघा. ऑइलची काडी काढा. ऑइल दुधट दिसलं तर पाणी मिसळलंय. मग इंजिन ऑइल, फिल्टर आणि डिझेल सगळं बदलायचं. गिअरबॉक्सचंही बघा, कारण बऱ्याच ट्रॅक्टरांत लिफ्ट त्याच ऑइलवर चालते. असा ट्रॅक्टर मेकॅनिकनं हिरवा कंदील दाखवल्याशिवाय कामाला लावायचा नाही, घाई कितीही असो.

तिसरं, वीज. मेन स्विच बंद आहे एवढ्यावर विसंबू नका. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर तुटून गाळात गाडलेली असू शकते. महावितरणच्या वायरमननं लाइन बंद असल्याचं सांगितल्याशिवाय लोखंडी ब्लेड गाळात घालू नये. मोटरची केबल, बोअरची वायर, फाटकावरच्या दिव्याची वायर यांच्या जागाही आठवून ठेवा.

मग एक लांब बांबू घ्या, गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला आणि सगळी जागा टोचत टोचत फिरा. गाळ वरून सपाट दिसतो, खाली काय आहे ते तो दाखवत नाही. चेंबरची झाकणं पुराच्या दाबानं उचलून बाजूला सरकलेली असतात. सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, गटाराची फरशी, नळाचा कॉक, तुळशीवृंदावनाचा कट्टा, जिथे जिथे काही आहे तिथे काठी रोवा आणि तिला लाल फडकं बांधा. सेप्टिक टँकच्या स्लॅबवर ट्रॅक्टर नेऊच नका. छोटा म्हटला तरी अवजार आणि ड्रायव्हर धरून तो टनाच्या घरात जातो, आणि पाण्यात मुरलेल्या स्लॅबचा भरवसा नाही. कंपाउंडच्या भिंतीपासूनही हातभर लांब राहा. पाया भिजलेला असतो, एका बाजूला गाळाचा दाब असतो, आणि तो दाब ब्लेडनं अचानक काढला की भिंत त्याच बाजूला कलते.

सापाचं सांगायलाच नको. लाकडं, पत्रे, वाहून आलेला पाला यांच्या ढिगात हात घालायचा नाही, आधी काठीनं हलवायचं.

गाळाचा वेळ ओळखा

अर्धं यश इथेच आहे. गाळाला तीन अवस्था असतात आणि त्यांतल्या एकीतच ट्रॅक्टर खरा कामाचा.

पहिली अवस्था पाणी उतरतानाची. आपल्याकडे पूर एकदम जात नाही, इंचाइंचानं उतरतो. पुढे नृसिंहवाडीला कृष्णाही भरलेली असली की पंचगंगेचं पाणी तुंबतं, म्हणून शिरोळकडे ते जास्त दिवस उभं राहतं. उभ्या पाण्यातला बारीक गाळ तळाशी बसतो. अंगणात घोट्याएवढं पाणी उरलं की घरच्यांनी खराटे आणि फळकुटं घेऊन तळ ढवळायचा आणि गढूळ पाणी उताराच्या बाजूनं काढून द्यायचं. इथे ट्रॅक्टरचं कामच नाही. या दोन-तीन तासांत जितकं बाहेर जाईल तितकं फुकटात गेलं. मात्र नदी खरंच उतरतीला आहे ना, हे बघा. धरणाचे दरवाजे पुन्हा उघडले तर आज काढलेला गाळ परवा पुन्हा दारात. पातळी सलग उतरत असेल तरच हात घाला.

दुसरी अवस्था ट्रॅक्टरची. फावड्यानं गाळात उभा काप घ्या. कापाची कड ढासळून पुन्हा सपाट झाली तर अजून थांबा; ब्लेडपुढून तो दोन्ही बाजूंनी निसटेल आणि तुम्ही नुसते पुढे-मागे करत बसाल. कड ताठ उभी राहिली आणि फावड्याला गाळ खरवस कापल्यासारखा लागला, की ट्रॅक्टर काढा. ऊन किती पडतं, पाऊस किती भुरभुरतो यावर ही वेळ ठरते. कधी दुसऱ्या दिवशी येते, कधी चौथ्या. सावलीतला गाळ मागाहून तयार होतो, म्हणून उन्हातली बाजू आधी घ्या.

तिसऱ्या अवस्थेत तो वाळून भेगाळतो. शहाबादी फरशीवर वाळला तर त्याच्या खापऱ्या सुटतात आणि काम उलट सोपं होतं, फक्त धूळ फार उडते. मुरमाच्या अंगणात मात्र तो मुरमाला धरून विटेसारखा बसतो. तेव्हा आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवायचं आणि सकाळी ब्लेड एका बाजूला कलतं करून, कोपऱ्यानं उकरत जायचं.

ढीग कुठे घालणार?

हा प्रश्न ट्रॅक्टर सुरू करण्याआधी सुटला पाहिजे. हिशेब करून बघा. ४० फूट लांब, १२ फूट रुंद वाट आणि सहा इंच गाळ, म्हणजे २४० घनफूट, म्हणजे जवळजवळ अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). ओल्या गाळाचं वजन घनमीटरला दीड ते पावणेदोन टन भरतं, तेव्हा ब्रासला साडेचार टन धरायला हरकत नाही. एका साध्या वाटेचा गाळ दहा-अकरा टन होतो. छोट्या ट्रॅक्टरच्या टन-दीड टनाच्या ट्रॉलीनं तो हलवायचा म्हटलं तर आठ-दहा खेपा झाल्याच. ट्रॉली शिगोशीग भरू नका. ओला गाळ हिंदकळतो, आणि बहुतेक छोट्या ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो.

गटारात ढकलणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात वाईट. पावसाळा संपलेला नसतो. पुढच्या सरीला तुंबलेलं गटार तुमच्याच उंबऱ्याशी येतं. शेजाऱ्याच्या फाटकासमोर ढीग घालणं हे भांडणाचं मूळ. मागच्या पुरात आमच्या गल्लीत एका काकूंनी पदर खोचून ट्रॅक्टरच वाटेत अडवला होता: "दादा, तुझं दार मोकळं झालं, आता आमच्या म्हशी काय उडत बाहेर काढू?" काकूंचं काय चुकलं? आधी गल्लीनं मिळून एक जागा ठरवावी, शहरात महापालिकेला आणि गावात ग्रामपंचायतीला विचारून घ्यावी, आणि सगळ्यांचा गाळ तिथेच जावा.

गाळ शेतात टाकू का, हे हमखास विचारलं जातं. गावाकडच्या स्वच्छ अंगणातला, नदीचा निव्वळ पोयटा असेल तर खुशाल टाका, पण पातळ पसरा. उसाच्या खोडव्यावर ढीग टाकलात तर कोंब गुदमरतात. शहरातला गाळ मात्र शेताला नको. जयंती नाल्याचं सांडपाणी, गॅरेजचं ऑइल, काचा, प्लास्टिक, सगळं त्यात आलेलं असतं. वीटभट्टीवाले पोयटा नेतात, पण तेही काचा-प्लास्टिक असलेला माल घेत नाहीत. म्हणून ट्रॅक्टर फिरवण्याआधी वरवरचा कचरा माणसांनी वेचून वेगळा करावा. मेलेलं जनावर सापडलं तर ते गाळाबरोबर ढकलू नका, ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला कळवा.

ब्लेड आणि ट्रॅक्टरची तयारी

आपल्याकडे छोट्या ट्रॅक्टरला पुढचा लोडर क्वचित असतो. बहुतेकांकडे मागे थ्री पॉइंटला (लिफ्टचे दोन हात आणि वरची टॉप लिंक) जोडायचं लेव्हलर ब्लेड असतं, आणि ते पुरेसं आहे. चार ते पाच फुटी घ्या. रुंदी दोन्ही मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांपेक्षा थोडी जास्त हवी, नाहीतर साफ केलेल्या पट्ट्याच्या कडेला टायरखाली दाबलेला गाळ तसाच राहतो. तिरकं फिरवता येणारं ब्लेड असेल तर फारच छान.

शहाबादी, कोबा किंवा पेव्हर ब्लॉक असेल तर लोखंडी धार थेट जमिनीला लावू नका. जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा भंगारात मिळतो. साखर कारखाने आणि फाउंड्र्यांच्या या जिल्ह्यात तो शोधायला लांब जावं लागत नाही. ब्लेडच्या रुंदीएवढी पट्टी कापा. ती ब्लेडच्या पाठीला लावा, वरून लोखंडी पट्टी ठेवून बोल्ट आवळा, आणि रबर धारेखाली दोन इंच लोंबू द्या. रबर फरशीच्या उंचसखल कडांवरून वाकून जातं. लोखंड एखाद्या वर आलेल्या फरशीच्या कडेत अडकलं की एक तर फरशी उखडते, नाहीतर लिफ्टचा हात वाकतो. मुरमाच्या अंगणात रबर नको, पण ब्लेड जमिनीपासून इंचभर वर राहील अशा घसरपट्ट्या दोन्ही टोकांना असाव्यात.

लिफ्टच्या हातांच्या साखळ्या ताणून घ्या. त्या सैल असतील तर ब्लेड डावी-उजवीकडे झोके खातं आणि भिंतीच्या कडेला प्लॅस्टर उडवतं. टॉप लिंक लांब-आखूड करून बघा: आखूड केली की धार पुढे झुकून जास्त खाते, लांब केली की वरून सरकते. सुरुवातीला लांब ठेवा. उजव्या लिफ्ट रॉडवरच्या हँडलनं ब्लेडची पातळी आडवी सरळ करून घ्या.

टायर जास्त फुगवलेले असतील तर हवा थोडी कमी करा, पकड सुधारते. मागच्या टायरात पाणी भरलेलं असेल तर ते राहू दे, वजन कामाला येतं. आणि दोन्ही ब्रेक पेडल खटक्यानं एकत्र जोडा. भरणीच्या वेळी वळायला आपण ते सुटे ठेवतो. निसरड्या गाळात घाईनं एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर जागेवर गोल फिरतो.

ब्लेड कसं चालवायचं

आधी दारासमोरचं गटार फावड्यानं मोकळं करा, म्हणजे गाळातून सुटणाऱ्या पाण्याला वाट मिळते. मग फाटकाजवळचा, सगळ्यात बाहेरचा दहा-पंधरा फुटांचा तुकडा साफ करा. आतून आणलेला गाळ ठेवायला आणि ट्रॅक्टर वळवायला जागा हवी ना? ती झाली की आत शिरा.

मागच्या ब्लेडनं दोन तऱ्हेनं काम होतं. ट्रॅक्टर पुढे नेत गाळ ओढायचा, किंवा ब्लेड उलटं फिरवून रिव्हर्समध्ये ढकलायचा. ओढणं केव्हाही बरं. ढकलताना ब्लेड कशाला अडकलं तर सगळा धक्का लिफ्टच्या हातांवर आणि टॉप लिंकवर येतो, आणि ती त्यासाठी केलेली नसते. रिव्हर्समध्ये ढकलणं फक्त भिंतीलगतच्या कोपऱ्यांपुरतं, तेही पहिल्या गिअरला, मुंगीच्या पावलांनी.

घराच्या उंबऱ्याजवळ ट्रॅक्टरची पाठ घराकडे करून उभे राहा. ब्लेड खाली सोडा. लो गिअर, फोर व्हील चालू, इंजिन दीड हजार आरपीएमच्या आसपास. पहिल्या फेरीत खालपर्यंत जायचा मोह आवरा. सहा इंच गाळ असेल तर तीन इंच घ्या. ब्लेडपुढे गाळाची गुंडाळी होत जाते, ती वर चढून ब्लेडच्या डोक्यावरून मागे सांडायला लागली की भार पुरे झाला. आवाजाकडेही कान असू द्या. इंजिन दबायला लागलं किंवा मागची चाकं जागेवर गरगरली, की लिफ्टची काडी बोटभर वर घ्या, तेवढ्यानं ट्रॅक्टर सुटतो. रेस वाढवून काही होत नाही. टायर गाळात स्वतःच खड्डा खणतो.

दुसऱ्या फेरीला पूर्ण रुंदीचा घास घेऊ नका. अर्धं ब्लेड साफ केलेल्या पट्ट्यावर आणि अर्धं गाळात, असं सरका. ब्लेड थोडं तिरकं केलंत तर गाळ एका कडेला ओळीनं पडत जातो आणि शेवटी ती ओळ एकदम फाटकाकडे ओढता येते. दाट गाळात तिरकं ब्लेड ट्रॅक्टरची शेपूट बाजूला खेचतं. तसं झालं तर ब्लेड सरळ करा.

डिफरन्शिअल लॉक (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारं पेडल) एक चाक जागेवर फिरायला लागलं तरच, आणि सरळ रेषेतच. वळायच्या आत पाय काढायचा.

रॅम्प असेल तर तो वरून खाली ओढत साफ करा, खालून वर नव्हे. क्लच दाबून उतरायचं नाही. गिअरमध्ये राहिलं की इंजिनच धरून ठेवतं. उताराला आडवं जायचं नाही. मडगार्डवर पोरांना बसवून कौतुकानं फिरवायचे दिवस वेगळे, गाळात ते अजिबात नको. ट्रॅक्टरच्या मागे काम करणाऱ्या माणसानं ड्रायव्हरला दिसेल असंच उभं राहावं. एकानं फक्त लक्ष ठेवायचं आणि त्यानं "थांब" म्हटलं की थांबायचं, मग सांगणारा पुतण्या असो नाहीतर मेहुणा.

गोठ्यात ट्रॅक्टर घालू नका. छपराचा पत्रा ठेंगणा असतो, धूर कोंडतो आणि दावणीचे कडे ब्लेडला अडकतात. रबर मॅट असतील तर उचलून बाहेर धुवायला टाका, आतला गाळ माणसांनी दारापर्यंत ओढावा, पुढचं ट्रॅक्टर बघेल.

मुरमाच्या वाटेवर शेवटचा इंचभर गाळ सोडून द्या. तो वाळला की दाताळ्यानं ओढा. सगळा एकाच दिवसात काढायला गेलात तर निम्मा मुरूम गाळाबरोबर डंपरमध्ये जातो आणि दिवाळीला पुन्हा मुरूम टाकायची पाळी येते. पण गाळ तसाच ठेवून त्यावर नवा मुरूमही पसरू नका, खालचा थर पुढच्या पावसात घसरतो.

शेवटचा अर्धा इंच

फरशीवर उरलेला पातळ थर ब्लेडनं निघत नाही. इथे फवारणीचा एचटीपी पंप काढा. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर) चालणारा असेल तर उत्तमच. पीटीओ ५४० आरपीएमवर लावा आणि शाफ्टवर गार्ड असल्याची खात्री करा, लोंबतं उपरणं किंवा ओढणी जवळ नको. गनची धार फरशीला तिरकी धरून उताराच्या दिशेनं हाकत जा. पेव्हर ब्लॉकवर सरळ खाली धार मारली तर सांध्यातली वाळू उडते आणि ब्लॉक हलायला लागतात.

पाणी स्वच्छ लागलं की टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. १० लिटरच्या बादलीला १५० ग्रॅम टीसीएल पावडर कालवा, निवळू द्या, वरचं पाणी फरशीवर आणि गोठ्यापुढे शिंपडा, अर्धा तास राहू द्या, मग धुवा. टीसीएलमध्ये संडास साफ करायचं ॲसिड किंवा दुसरं काही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. हे करताना हातमोजे हवेतच. गाळात काम करणाऱ्याच्या पायाला चीर असेल तर ती झाकून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या ठणकायला लागल्या, तर "मी पुराच्या गाळात काम केलंय" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाणीच्या पाण्यातून होणारा ताप) असेल तर लवकर कळलेलं बरं.

ट्रॅक्टरचं देणं

संध्याकाळी दमून ट्रॅक्टर तसाच उभा करू नका. गाळ वाळला की रेडिएटरच्या जाळीत सिमेंटसारखा बसतो आणि आठवड्यानं भरणीत इंजिन तापायला लागतं. जाळी आतून बाहेर, हलक्या धारेनं धुवा. एचटीपीची गन तिथे वापरलीत तर पाती वाकतात. पुढच्या ॲक्सलचे, लिफ्टच्या पिनांचे निपल पुसून, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. ब्रेक ओले असतील तर मोकळ्या जागी हळू चालवत दोन-चारदा दाबून वाळवा. एअर फिल्टर झटकून बघा, वाळल्या गाळाची धूळ पीठासारखी बारीक असते. ब्लेडचे बोल्ट पुन्हा आवळा, आणि रबराची पट्टी झिजली असली तरी टाकू नका. उलटी करून लावली की दुसरी कड तेवढंच काम देते.